घासाघीस कशावर करायची

"मॅडम, भाव कंपनीचा आहे, आमच्या हातात काही नाही." गाडीच्या शोरूममध्ये पाऊल ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत हे वाक्य कानावर येतंच. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काय, ते आपल्या पुण्याकडच्याच एका प्रकरणात सरकारी कागदावर आलेलं आहे.

२०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल गेला. लिहिणाऱ्याने आपण मारुती सुझुकीचा डीलर असल्याचं सांगितलं होतं. तक्रार अशी की, मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, त्यात पुणेही आलं, कंपनी डीलरांना ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सवलत गिऱ्हाइकाला देऊ देत नाही. कुणी दिलीच तर त्याला दंड बसतो. आयोगाने चौकशी केली. तेव्हा बाहेर आलं की गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेतलेली माणसं शोरूममध्ये पाठवली जात, ती जास्त सवलत मागत आणि सेल्समनने दिली की त्याचा पुरावा कंपनीकडे पोहोचे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपये दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं आणि अपील न्यायाधिकरणाने काही रक्कम भरण्याच्या अटीवर दंडाला स्थगिती दिली. अपिलाचा भाग वकिलांचा. आपल्यासारख्या घरांनी त्यातून एवढंच उचलायचं: डीलरच्या हातात द्यायला खरोखरच काही नसतं, तर ते देऊ नये म्हणून पाळत ठेवायची गरज कुणाला पडली असती?

सप्टेंबर २०२५ पासून आमच्या मावळात घरोघरी गाडीची बोलणी चालू आहेत. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेली पेट्रोल किंवा सीएनजी गाडी, तसंच चार मीटरच्या आतली १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी आता १८ टक्क्यांत आली. आधी २८ टक्के आणि वर उपकर होता. लोणावळ्याच्या पावसात म्हाताऱ्या अम्मीला घेऊन स्कूटरवर तळेगावच्या दवाखान्यात जाणं किंवा लोकलच्या गर्दीत तिला पुण्याला नेणं ज्यांनी केलंय, त्यांना गाडी ही चैन आहे असं सांगायला मी जाणार नाही. पण आठ लाखांची वस्तू घेताना आपली माणसं भाजीवाल्याशी बोलतात तेवढंही बोलत नाहीत, हे पाहून जीव तुटतो. मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घेणारे भाईजान शोरूमच्या एसीत बसून, हातात थंड सरबताचा ग्लास घेऊन, चाळीस-पन्नास हजारांवर गुपचूप सही करतात. का, तर भाव करणं बरं दिसत नाही.

भाव करण्यात शरम कसली? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून उंट विकत घेतल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये आहे. प्रवासात जाबिर (रजि.) यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषितांनी (स.) दुआ केली, उंट चालायला लागला, आणि मग तो एक ऊकिया चांदीला विकतोस का असं विचारलं. जाबिर (रजि.) आधी नाही म्हणाले. पुन्हा विचारणा झाली. शेवटी सौदा ठरला, तोही अटीसह: मदीनेपर्यंत उंटावर बसून जाण्याचा हक्क जाबिर यांचाच. मदीनेत पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) ठरलेली किंमत दिली, वर थोडं जास्त दिलं, आणि उंटही परत देऊन टाकला. सवारीचाच सौदा होता तो. विचारणं आहे, नकार आहे, पुन्हा विचारणं आहे, अट आहे आणि ठरलं ते पूर्ण करणं आहे. त्यात नाही ते फक्त खोटं.

नेमकी तिथेच आपली गाडी अडते. भाव करायचा म्हणजे खोटं बोलायचं, अशी आपल्याकडे समजूत आहे. "पिंपरीच्या शोरूमने वीस हजार कमी सांगितलेत." सांगितले असतील तर अवश्य बोला, कागद दाखवा. नसतील तर ते बोलायचं नाही. आणि त्याची गरजही पडत नाही, हे पुढे दिसेलच. समोर बसलेला टाय घातलेला मुलगा वडगावचा किंवा कान्ह्याचा कुणाचा तरी लेक असतो. महिन्याचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. त्याला घाबरवून किंवा अपमान करून काही मिळत नाही. सवलत देण्याचा अधिकार बहुतेक वेळा त्याच्या मॅनेजरकडे असतो, म्हणून त्या मुलाला आपल्या बाजूने आत पाठवायचं असतं.

आता कोटेशनकडे वळू. एक्स-शोरूम किंमत सगळ्यात वर ठळक अक्षरांत असते आणि आपली नजर तिच्यावरच खिळते. ती कंपनीने ठरवलेली असते, तिच्यातून जायचे ते दहा-पंधरा हजार रोख सवलत म्हणून जातात. खरी घासाघीस तिच्या खालच्या ओळींवर करायची. माझ्या धाकट्या दिरांनी पेट्रोल गाडी पाहिली, तेव्हा त्यांच्या कोटेशनमध्ये आठ लाखांच्या खाली 'आरटीओ ९६,५००' असं लिहिलं होतं. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी रस्ता कर आहे, सीएनजीला त्याहून कमी. ते कोटेशन मी शाळेत सातवीच्या वर्गात शेकडेवारीचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं. मुलांनी ८८,००० काढले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, बाकीचे साडेआठ हजार कुणाचे?" त्यातले ६०० रुपये नोंदणी फी, २०० स्मार्ट कार्डाचे, आणि कर्ज असलं तर त्याच्या नोंदीचे १,५००. दिरांचं कर्ज नव्हतं. म्हणजे सरकारचे झाले ८८,८००. बाकीच्या रकमेला शोरूमच्या भाषेत 'धावपळ' म्हणतात. पण हल्ली कर पोर्टलवर भरला जातो, नव्या गाडीला तपासणीसाठी आरटीओत नेत नाहीत, एमएच-१४ चा नंबर शोरूममध्ये बसूनच येतो. धावतं कोण? कराची पावती आपल्या नावाने निघते, ती मागून घ्यायची. पावती मागणार हे आधीच सांगितलं की ही ओळ आपोआप बारीक होते.

त्याच्या खाली 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' असं काहीतरी असतं. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. ही ओळ कोणत्या नियमाखाली आहे, ते लेखी द्या, एवढंच शांतपणे म्हणायचं. आवाज चढवायचा नाही. दिरांच्या कागदावर ती ९,००० ची होती, आणि सेल्समनने एक शब्द न बोलता तिच्यावर आडवी रेघ मारली. इतक्या सहज रेघ मारता येते, ती ओळ छापतात तरी कशाला? नंबरप्लेटचंही तसंच. एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते, तिचे वेगळे पैसे नाहीत. फास्टॅग नव्या गाडीला असावाच लागतो, त्याची रक्कम किरकोळ. (लोणावळेकरांसाठी जाता जाता: वार्षिक फास्टॅग पास आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. तो 'फ्री देतो' म्हणणाऱ्याला धन्यवाद द्या आणि दुसरं काहीतरी मागा.)

सगळ्यात मोठी पोकळी विम्यात असते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. विम्याबद्दल आपल्या उलमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, पण हा भाग कायद्याने सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नाही. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात प्रत्येक कंपनीचा दर वेगळा. त्यावर झिरो डेप, इंजिन, चावी, टायर असे तुकडे चढवत नेतात. विमा शोरूमकडूनच घ्या अशी सक्ती ते करू शकत नाहीत. दिरांना ४७,००० सांगितले होते. घरी येऊन तेवढ्याच आयडीव्हीला, म्हणजे गाडीच्या तेवढ्याच धरलेल्या किमतीला, आणि त्याच संरक्षणाला दुसऱ्या दोन कंपन्यांचे आकडे काढले तर ३२ आणि ३४ हजार निघाले. ते कागद घेऊन परत गेलो. शोरूमने ३३,५०० ला तोच विमा दिला. इथे खोटं बोलायची गरज पडली का? खरा कागद हातात होता, तोच बोलला.

ॲक्सेसरीजच्या यादीत मॅट, मडफ्लॅप आणि कव्हर ठेवा. सीटकव्हर, क्रोमच्या पट्ट्या, पत्र्यावरचं चकाकीचं कोटिंग हे सगळं बाहेर निम्म्या भावात मिळतं आणि बरंचसं लागतही नाही. दहा लाखांच्या वरची गाडी असेल तर एक टक्का टीसीएस कापतात. तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना आपल्याला वळता मिळतो. म्हणून त्याच्यावर वाद घालू नका, पॅन नंबर नीट लिहून घेतलाय एवढं पाहा.

दिरांचं सगळं मिळून रोख सवलतीसकट ५७,५०० वाचले. त्या सगळ्या वेळात सेल्समन बोलत होता दिरांशी आणि माझ्या यजमानांशी, आकडेमोड करत होते मी. शेवटी मॅनेजरने विचारलं, "मॅडम काय करतात?" टीचर आहे म्हटल्यावर तो हसला.

आता कर्जाबद्दल. कुरआनने व्यापार हलाल आणि व्याज हराम केलं, हे आपल्या वाचकांना मी नव्याने काय सांगणार! पण शोरूममध्ये व्याज वेगळे कपडे घालून येतं. "फक्त पाच टक्के फ्लॅट, सर." सहा लाखांवर पाच वर्षं फ्लॅट पाच टक्के म्हणजे व्याजाचे दीड लाख. बँकेच्या नेहमीच्या घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर नऊ टक्क्यांच्या वर जातो. हप्ता जड वाटतो म्हटलं की सात वर्षं करून देतात. सहा लाखांचा नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १२,४५५ आणि सात वर्षांचा सुमारे ९,६५०. महिन्याला पावणेतीन हजार वाचले असं वाटतं, पण एकूण व्याज १ लाख ४७ हजारांवरून २ लाख ११ हजारांवर जातं. शून्य टक्क्याची योजना असेल तर विचारा, रोख घेतली तर भाव किती? बऱ्याचदा शून्य टक्क्यात रोखीची सवलत मिळत नाही, म्हणजे व्याज किमतीतच मुरलेलं असतं. ते जायज की नाही, हे कागद घेऊन जाणकार आलिमांना विचारावं. मी गणिताची टीचर, मुफ्ती नाही.

दिरांनी तीन वर्षं थांबून पैसे जमवले. त्यात जाऊबाईंच्या भिशीचे दीड लाख होते आणि मामूंनी दिलेला कर्जे-हसना. थांबणं जमत नसेल तर चार-पाच वर्षं वापरलेली चांगली गाडी रोखीने घेण्यात कमीपणा कसला? असो. रोख घेणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे. शोरूमला कर्जाच्या प्रत्येक फाइलमागे बँकेकडून कमिशन मिळतं, त्यामुळे "आम्ही रोख देणार" हे ऐकल्यावर सेल्समन खूश होत नाही, उलट थंडावतो. म्हणून भाव ठरेपर्यंत पैशाची सोय कशी आहे, ते स्वतःहून सांगू नका. विचारलंच तर "आधी गाडीचा भाव ठरू दे, मग त्यावर बोलू" म्हणा. गप्प राहणं हा आपला हक्क आहे. पण सवलत पदरात पडावी म्हणून "हो हो, लोन घेऊ" असं सांगून नंतर फिरायचं, हे नाही चालणार.

जुनी गाडी एक्स्चेंजला देताना तर आपणच विक्रेते होतो. गेल्या पावसाळ्यात इंद्रायणीला पाणी आलं, तेव्हा दिरांची जुनी गाडी कामशेतला सीटपर्यंत बुडाली होती. दुरुस्त केली, चालत होती. शोरूमच्या मूल्यांकनवाल्याने बॉनेट उघडलं, टायर पाहिले, १ लाख ७० हजार म्हणाला. पाण्याचं त्याने विचारलंच नाही. यजमान हळूच म्हणाले, तो विचारत नाही तर आपण कशाला? दिरांनी सांगून टाकलं. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, तेव्हा ओलं वर का ठेवलं नाहीस असं विक्रेत्याला विचारलं, ती हदीस आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाठ असणं वेगळं आणि शोरूमच्या काउंटरवर आठवणं वेगळं. मूल्यांकनवाल्याने सीटखालचा गालिचा उचलला आणि आकडा १ लाख ४८ हजारांवर आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जाऊबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. "बावीस हजार खरोखरच पाण्यात गेले," एवढंच एकदा म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं. पण ती गाडी पुढे घेतली असती कुणा गरजवंताने, आणि घाटात विजेच्या वायरी गेल्यावर त्याला कळलं असतं.

कधी जावं, हेही महत्त्वाचं. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये हारांचे ढीग असतात, सवलत नसते. त्याउलट पितृपंधरवड्यात आपले हिंदू शेजारी सहसा नवी खरेदी करत नाहीत, शोरूम रिकामी असतात. आपल्याला मात्र ते दिवस इतर दिवसांसारखेच. (२०२५ चा पंधरवडा अपवाद. तेव्हा गेलेल्यांनी जुना जीएसटी भरला.) महिन्याचे शेवटचे दोन दिवस आणि डिसेंबरही बरे. मात्र डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी आरसी बुकात बनल्याचा महिना आणि वर्ष जुनंच राहतं, विकताना तेच पाहिलं जातं. त्याची किंमत आधीच वसूल करून घ्या.

फार मोठी सवलत दिसली की का, हे विचारावं. तळेगावच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २००८ मध्ये इथे जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, शेवरोलेच्या गाड्या आपल्या डोळ्यांसमोर बनायच्या. १८ मे २०१७ रोजी कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरीस भारतातली विक्री बंद. उरलेल्या गाड्या भरघोस सवलतीत निघाल्या. घेणाऱ्यांना वाटलं, लॉटरी लागली. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू असं कंपनीने सांगितलं होतं, पण जुन्या बाजारात त्या गाड्यांचे भाव कोसळले. ज्यांना गाडी दहा-बारा वर्षं चालवायची होती त्यांचं चांगलं झालं; ज्यांना चार वर्षांत विकायची होती ते अडकले. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. मावळात बनते म्हणून मावळात स्वस्त मिळेल, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. कारखान्याच्या फाटकावर गाडी विकत नाहीत.

सौदा ठरला की बयाणा देण्याआधी सगळं एका कागदावर, शिक्क्यासह: रंग, मॉडेल, प्रत्येक ओळीची रक्कम, फुकट कबूल केलेल्या वस्तू, गाडी कधी मिळणार आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत. बयाणा हा शब्द अरबी 'बैअ'वरून आला, म्हणजे विक्री. अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत येताना त्याने आपला अर्थ सोडला नाही, शोरूमवाल्याने तरी का सोडावा? पैसे चेकने किंवा खात्यावरून द्या, पावती घ्या. शब्द फिरवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

गाडी नोंदणीच्या आधी पाहायची, नंतर नाही. एकदा तुमच्या नावाचा नंबर पडला की ओरखडा असो की डेंट, गाडी तुमची. चेसिस नंबर बिलाशी ताडून पाहा, फॉर्म २२ वर बनल्याचा महिना पाहा, किलोमीटर किती झालेत ते पाहा. दिवसाउजेडी जा. जून ते सप्टेंबर असेल तर गाडी छपराखाली घ्यायला सांगा आणि कोरडी पुसून घ्या, कारण लोणावळ्याच्या पावसात ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही. सोबत घरातलं एक बारा-तेरा वर्षांचं पोर न्या. आमच्या पुतण्याने मागच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाचा फुगा शोधला, जो आम्हा चार मोठ्यांना दिसला नव्हता. गाडी बदलून मिळायला नऊ दिवस लागले.